कै. ताराशंकर बंद्योपाध्याय : जीवन आणि ‘आरोग्य निकेतन’



आपल्या संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाने मला आज्ञा केली. आपल्या ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे या पानांतून पूर्वी येऊन गेली आहेत. यंदा थोडे दूरचे, परंतु आपल्या घरातील एका जुन्या दुखण्यास हात घालणारे चरित्र सादर करावे असे मनात आले. बंगालचे थोर कादंबरीकार कै. ताराशंकर बंद्योपाध्याय हे या लेखाचे नायक होत.

ओव्यात बसून बंगालच्या लेखकाचे चरित्र का लिहावे, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, आपला पनवेल तालुका आणि आयुर्वेद यांचे नाते फार जुने आहे. इ. स. १८७२ मध्ये वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी पनवेलीस धूतपापेश्वर औषधी कारखान्याची स्थापना केली, आणि पुढे येथील औषधे देशभर गेली. परंतु कारखान्याच्या बाटलीआधीही आपल्या खेड्यापाड्यांत वैद्यक होतेच. परसातील अडुळसा, कुंपणाची निरगुडी, झाडावर चढलेली गुळवेल आणि नाडी पाहणारा एखादा वृद्ध वैद्य एवढ्यावर आपल्या पूर्वजांच्या कित्येक पिढ्या भाताच्या खाचरांत आणि मिठागरांवर राबत जगल्या. त्या वैद्याचे काय झाले, त्याची विद्या कोठवर खरी होती आणि कोठे अपुरी पडली, याचा जसा न्यायनिष्ठुर आणि तरीही मायेचा विचार ताराशंकरांनी आपल्या ‘आरोग्य निकेतन’ या कादंबरीत केला आहे, तसा माझ्या वाचनात अन्यत्र आला नाही.

ताराशंकरांचा जन्म जुलै १८९८ मध्ये बंगालमधील बीरभूम जिल्ह्यातील लाभपूर या गावी झाला. बीरभूमची भूमी लाल मातीची व उन्हाळ्यात करपून जाणारी. मयूराक्षी, कोपाई यांसारख्या नद्या पावसाळ्यात गावे बुडवितात आणि चैत्रात वाळूच्या रेघा होऊन राहतात. बंद्योपाध्यायांचे घराणे जमीनदारांचे होते खरे, परंतु वैभव उतरणीस लागलेले होते. वडील हरिदास हे ताराशंकर आठ वर्षांचे असतानाच वारले. मुलाचा सांभाळ आई प्रभावतीदेवी आणि विधवा आत्या या दोघींनी केला. आई पाटण्याकडच्या सुशिक्षित घरातील, नव्या विचारांची व देशभक्तीचे संस्कार करणारी होती. आत्या जुन्या वळणाची, घराण्याचा मान जपणारी, करारी व तितकीच प्रेमळ होती. एकाच घरात जुने आणि नवे अशा दोन मायांच्या छायेत हा मुलगा वाढला. पुढे त्यांच्या ‘धात्री देवता’ या कादंबरीत या दोघींची मूर्ती उमटली आहे. जुन्याविषयी आदर आणि नव्याविषयी ओढ ही दोन्ही त्यांच्या लेखणीत अखेरपर्यंत सारख्याच तोलाने राहिली, याचे मूळ मला या घरात दिसते.

१९१६ साली ताराशंकर लाभपूरच्या शाळेतून मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्याच वर्षी त्यांचा विवाह उमाशशीदेवी यांच्याशी झाला. पुढील शिक्षणासाठी ते कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात दाखल झाले. परंतु राजकीय चळवळीशी आलेला संबंध, सरकारचा त्यामुळे मागे लागलेला ससेमिरा आणि ढासळलेली प्रकृती यांमुळे त्यांचे कॉलेजचे शिक्षण पुरे झाले नाही. माझ्यासारख्या मॅट्रिक शिक्षकास ही गोष्ट वाचून बळ आले, हे मी प्रांजळपणे कबूल करतो. ज्यांनी पुढे भारतीय ज्ञानपीठाचा पुरस्कार मिळविला, त्यांच्या नावापुढे पदवीचे एकही अक्षर नव्हते. त्यांचे विद्यापीठ म्हणजे बीरभूमची खेडी.

गावी परतल्यावर त्यांनी समाजसेवेस वाहून घेतले. त्या काळी बंगालच्या खेड्यांत पटकीची साथ आली म्हणजे घरेच्या घरे ओस पडत. अशा वेळी ताराशंकर स्वयंसेवकांसह गावोगाव फिरून रोग्यांची शुश्रूषा करीत. जमीनदाराचा मुलगा मोलमजुरी करणाऱ्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांच्या झोपडीत शिरतो, त्यांच्या उशाशी बसतो आणि त्यांचे मरण डोळ्यांनी पाहतो, ही गोष्ट लहान नव्हे. मरण कसे येते आणि माणसे त्यास कशी सामोरी जातात, हे त्यांनी ग्रंथांत वाचण्यापूर्वी तेथे पाहिले.

१९३० च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत ताराशंकरांना अटक झाली व काही महिने तुरुंगवास घडला. तुरुंगात राजकीय पक्षांतील हेवेदावे त्यांनी जवळून पाहिले. आपली वाट सभा-अधिवेशनांची नव्हे, लेखणीचीच आहे, असा निश्चय करून ते बाहेर आले. १९२८ मध्ये ‘कल्लोल’ या मासिकात त्यांची ‘रसकली’ ही कथा प्रसिद्ध होऊन गेलीच होती. आता त्यांनी सर्वस्वी साहित्यास वाहून घेतले.

परंतु लेखणीने घर चालविणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले त्यासच ठाऊक. जमीनदारीचे उत्पन्न आटत चालले होते. याच हलाखीच्या काळात त्यांची एक लहान मुलगी बालवयात दगावली. पित्याच्या काळजास पडलेली ही चीर त्यांच्या लेखनातून पुन्हा पुन्हा जाणवते. ‘आरोग्य निकेतन’मध्ये एक बाप आपल्या मुलाची नाडी पाहतो तो प्रसंग वाचताना, हे लिहिणाऱ्याने अपत्यवियोग सोसलेला आहे, याची खूण पटल्यावाचून राहत नाही.

१९४० च्या सुमारास ते कलकत्त्यास राहावयास गेले आणि त्यांच्या प्रतिभेस बहर आला. ‘कालिंदी’, ‘गणदेवता’, ‘पंचग्राम’, ‘कवी’, ‘हांसुली बांकेर उपकथा’ अशा एकाहून एक सरस कादंबऱ्या त्या दशकात बाहेर पडल्या. आपल्या वाचकांस यांपैकी ‘गणदेवता’चा विषय फार जवळचा वाटेल. गावचा लोहार आणि सुतार हे वर्षाच्या धान्यावर गावकीचे काम करण्यास नकार देतात, येथून ती कथा सुरू होते. आपल्याकडील बलुतेदारीच म्हणाना! गावाची जुनी घडी विसकटते तेव्हा कोणाचे काय होते, हे त्यात दाखविले आहे, आणि त्या गावाचा आधार होणारा देबू पंडित हा पाठशाळेचा एक साधा शिक्षक आहे. ‘कवी’चा नायक निताई हा डोम जातीत जन्मलेला, परंतु लोककवी होण्याची आकांक्षा धरणारा तरुण आहे. ‘हांसुली बांकेर उपकथा’ ही तर पालखी वाहणाऱ्या कहारांचीच कथा होय. उच्च कुळात जन्मलेल्या या लेखकाने श्रमजीवी जातींना दयेचा विषय केले नाही. त्यांना त्याने नायकपद दिले. आपणा कष्टकरी समाजातील वाचकांनी या एका गोष्टीसाठी तरी ताराशंकरांचे ऋण मानले पाहिजे.

आता मुख्य विषयाकडे येतो. ‘आरोग्य निकेतन’ १९५३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिचे मर्म कळण्यासाठी आयुर्वेदाच्या दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतील.

पहिली गोष्ट नाडीपरीक्षेची. बंगालमध्ये वैद्यास कविराज म्हणतात, आणि कविराजांची कीर्ती मुख्यत्वे नाडीज्ञानावर उभी असे. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत नाडीपरीक्षेचे सविस्तर विवेचन नाही. शार्ङ्गधरसंहितेपासून ती ग्रंथांत स्पष्टपणे दिसू लागते. अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे ठेवून वात, पित्त व कफ यांची गती ओळखावयाची, ही विद्या गुरूच्या हाताखाली वर्षानुवर्षे बसूनच साध्य होई.

दुसरी गोष्ट अरिष्टलक्षणांची. मृत्यू समीप आल्याची जी चिन्हे, त्यांस अरिष्ट म्हणतात. चरकसंहितेचे इंद्रियस्थान नावाचे बारा अध्यायांचे संपूर्ण प्रकरण या विषयास वाहिलेले आहे. परंतु सुज्ञ वाचकांनी येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ही सारी चिन्हे सांगून झाल्यावर त्याच स्थानाच्या अखेरीस चरकाचार्य वैद्यास एक बंधन घालतात. मृत्यूची चिन्हे दिसली तरी कोणी विचारल्यावाचून वैद्याने ती बोलू नयेत, आणि विचारले असताही, जर त्या बोलण्याने रोग्यास वा त्याच्या आप्तांस आघात होणार असेल तर मौन पाळावे, असा त्यांच्या उपदेशाचा आशय आहे. मरण ओळखणे ही एक विद्या, आणि ते केव्हा, कोणास व कसे सांगावे ही दुसरी. माझ्या अल्पमतीप्रमाणे या दोन विद्यांमधील अंतर हाच ‘आरोग्य निकेतन’चा खरा विषय आहे.

कादंबरीचा नायक जीवन दत्त हा सत्तरीच्या घरातील कविराज. लोक त्यास जीवन मशाय म्हणतात. मशाय म्हणजे महाशय. त्याचा आजा दीनबंधू हा मूळचा वैद्य नव्हे, पाठशाळेचा गुरुजी होता. एका रोग्याची त्याने केलेली सेवा पाहून एका थोर कविराजाने त्यास आपली विद्या दिली. म्हणजे वैद्यकी या घरी जन्माने आली नाही, सेवेने आली. दीनबंधूचा पुत्र जगद्बंधू याने औषधालयाच्या भिंतीवर सर्व लाभांत आरोग्य हाच श्रेष्ठ लाभ, या अर्थाचे वचन लिहविले. कथा सुरू होते तेव्हा ती भिंत ढासळू लागली आहे, पूर्वीची वर्दळ ओसरली आहे आणि जवळच्या नवग्रामात सरकारी इस्पितळ उभे राहिले आहे.

तरुणपणी जीवनास डॉक्टर व्हावयाचे होते. त्यासाठी तो कांदी येथे शाळेत राहिला. तेथे मंजरी नावाच्या मुलीवर त्याचे मन जडले. परंतु तिचे लग्न भूपी बोस या श्रीमंत घरच्या तरुणाशी झाले, आणि मारामारीच्या प्रकरणामुळे जीवनास शिक्षण टाकून घरी परतावे लागले. मग पित्याच्या पायाशी बसून तो आयुर्वेद शिकला. पुढे रंगलाल नावाच्या एका विलक्षण डॉक्टराकडून त्याने विलायती वैद्यकही थोडेफार आत्मसात केले. आतर नावाच्या मुलीशी त्याचा विवाह झाला. परंतु पतीच्या मनात आपल्याआधी दुसरी कोणी होती, हे शल्य त्या स्त्रीच्या अंतरी जन्मभर राहिले.

पित्याने त्यास मृत्यूविषयीची महाभारतातील कथा सांगितली होती. ब्रह्मदेवाने मृत्यूस स्त्रीरूपाने निर्माण केले; प्राण हरण करावयाचे या कल्पनेने ती रडू लागली आणि तिच्या अश्रूंतून रोग उत्पन्न झाले. तीच पिंगट केसांची मृत्यूदेवता कादंबरीत आंधळी व बहिरी आहे. कोणाचा विलाप तिला ऐकू येत नाही, कोणाचे मुख तिला दिसत नाही. रोग तिचा हात धरून तिला रोग्याच्या दारी आणतात. जीवन मशाय नाडीवर बोटे ठेवून तिच्या पावलांची चाहूल घेत असतो.

त्याच्या आयुष्यातील तीन प्रसंगांनी या कथेचा कणा बनला आहे. एका लोहाराची वृद्ध आई पडून पायास इजा होते. मशाय तिची नाडी पाहतो आणि आता हिला गंगातीरी न्यावे, असे सहज सांगून टाकतो. जुन्या काळी असे सांगणे म्हणजे उपकार समजत. पिकल्या वयात सावधपणे जाणे हे भाग्य मानीत. परंतु ही म्हातारी जगण्यास उत्सुक आहे. इस्पितळाचा तरुण डॉक्टर प्रद्योत हे ऐकून संतापतो. रोग्यास जिवंतपणीच मरणाची शिक्षा फर्मावणे यास तो निव्वळ क्रूरपणा समजतो. शहराच्या इस्पितळात म्हातारीचा पाय दुरुस्त होतो आणि ती घरी परतते. येथे मशायचे निदान चुकले, आणि न विचारता बोलण्याचा दोषही त्याने केला.

दुसरा प्रसंग त्याचा जुना मित्र रतनबाबू याचा. त्याचा कर्तबगार मुलगा विपिन अंथरुणास खिळलेला आहे. रतनबाबू धीराने विचारतो, आणि मशाय त्यास खरे ते सांगतो. बाप ते सत्य पचवितो, कारण त्याने ते मागितले होते.

तिसरा प्रसंग सर्वांत दारुण. जीवन मशायचा एकुलता पुत्र बनविहारी हा डॉक्टरी शिकूनही व्यसनांच्या आहारी गेलेला. तो आजारी पडतो. पिता त्याची नाडी पाहतो आणि बोटांखाली त्यास मृत्यूची पावले ऐकू येतात. तो पुत्राची आशा सोडतो, आणि ते पत्नीपासून लपून राहत नाही. मुलगा जातो. त्या मातेने पतीस जन्मभर क्षमा केली नाही. याने आधी जाणले म्हणूनच मुलगा गेला, असे तिच्या दुःखाने तिला शिकविले. मशायचे ज्ञान येथे खरे ठरले, परंतु त्या खरेपणाने घरातील एकमेव सोबत कायमची दुरावली. विद्या बिनचूक असली तरी पुरेशी नसते, हे ताराशंकरांनी या प्रसंगात दाखविले आहे.

कादंबरीचा काळ हा स्वातंत्र्यानंतरचा. पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरोमायसेटिन ही नवी औषधे त्याच सुमारास खेड्यांपर्यंत पोचू लागली होती. क्लोरोमायसेटिनचा शोध १९४७ चा. त्याआधी विषमज्वरात आठवड्यांमागून आठवडे नुसती वाट पाहण्यावाचून वैद्याच्या वा डॉक्टराच्या हाती फारसे काही नसे. जे ज्वर मशायच्या हिशेबी मरणाचे दूत होते, ते आता काही दिवसांत उतरू लागले. म्हातारा हे पाहतो, मनात खंतावतो, पण नाकारीत नाही. नव्या विद्येस तो मनोमन हात जोडतो. पुढे प्रद्योतची पत्नी मंजू विषमज्वराने आजारी पडते, तेव्हा वृद्ध कविराजाचे नाडीज्ञान आणि तरुण डॉक्टराचे नवे औषध यांचा तिच्या शय्येपाशी संगम होतो. ती वाचते. त्या दोघांमधील तेढ तेथे विरघळते.

आणि मग कळते की, मंजूच्या नात्यातील एक अतिवृद्ध, दृष्टी गेलेली स्त्री म्हणजेच ती कांदीची मंजरी. ज्या हाताची तरुणपणी अभिलाषा धरली, तो हात जीवन मशाय जन्माच्या संध्याकाळी नाडी पाहण्यासाठी हाती घेतो. शेवटी त्याचाही काळ येतो. दुसऱ्यांच्या नाडीत ज्या देवतेची चाहूल तो जन्मभर घेत आला, ती आपल्या दारी कशी येते हे जाणण्याचा तो अखेरच्या क्षणापर्यंत प्रयत्न करतो. त्याच्या शेजारी त्या वेळी प्रद्योत असतो, हे विशेष.

काही अभ्यासक या कादंबरीस आयुर्वेदाचा गौरवग्रंथ समजतात, तर काही तिला जुन्याची समाधी मानतात. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. ताराशंकरांनी नव्या औषधांचे यश कोठेही लपविले नाही, आणि कविराजाच्या चुकाही झाकल्या नाहीत. परंतु औषध संपते तेथे वैद्याचे काम संपत नाही, ही गोष्ट त्यांनी प्रद्योतसारख्या कुशल डॉक्टरास त्या म्हाताऱ्याकडून शिकविली. न विचारता कठोर सत्य बोलू नये, हे म्हाताऱ्याने त्या तरुणाकडून शिकावयाचे होते. दोघेही एकमेकांचे गुरू झाले.

या कादंबरीस १९५५ मध्ये रवींद्र पुरस्कार आणि १९५६ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. भारतातील अनेक भाषांत तिची भाषांतरे झाली. १९६९ मध्ये विजय बोस यांनी तिच्यावर बंगाली चित्रपट काढला आणि विकास राय यांनी त्यात जीवन मशायची भूमिका केली. ताराशंकरांच्या ‘जलसाघर’ या कथेवर सत्यजित राय यांनी १९५८ मध्ये काढलेला चित्रपट तर जगभर गाजला. १९६० ते १९६६ पर्यंत ताराशंकर राज्यसभेचे सभासद होते. १९६२ मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली, पुढे पद्मभूषणही मिळाले. ‘गणदेवता’साठी १९६६ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना देण्यात आला. साठांहून अधिक कादंबऱ्या आणि शेकडो कथा लिहिणारा हा लेखक उतारवयात चित्रकलेतही रमला. १४ सप्टेंबर १९७१ रोजी कलकत्त्यास त्यांचे देहावसान झाले.

आता, वाचकहो, हे चरित्र आपणास का सांगितले, ते सांगून लेखणी आवरतो.

माझे वडील गेले तेव्हा मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. गावचे वृद्ध वैद्य आले, ओटीवर बसून त्यांनी वडिलांची नाडी बराच वेळ पाहिली, त्यांच्याशी भाताच्या पेरणीविषयी चार गोष्टी केल्या आणि ते उठले. वडिलांस ते काही बोलले नाहीत, आईसही नाही. काकांनी अंगणात त्यांस गाठून विचारले, तेव्हा सासरी असलेल्या आमच्या बहिणीस बोलावून घ्या, एवढेच त्यांनी सांगितले. बहीण दुसऱ्या दिवशी आली. वडिलांनी तिच्या मुलास मांडीवर घेतले. चौथ्या दिवशी ते गेले. पुढे चरकाचार्यांचा तो उपदेश वाचनात आला, तेव्हा आमच्या खेड्यातील त्या वैद्याने तो कोणत्या ग्रंथात वाचला असेल, असा प्रश्न मला पडला. बहुधा त्याने तो वाचला नसावा. त्याच्या गुरूकडे पाहून तो शिकला असावा.

पुढे पुष्कळ वर्षांनी आईचा प्रसंग आला. एव्हाना भाताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या होत्या. सिडको आली, जमिनी गेल्या, आमचे ओवे गाव खारघरच्या वस्तीने चहूबाजूंनी वेढले गेले. आईस मोठ्या शहरातील इस्पितळात नेले. डॉक्टरांनी आम्हास सर्व काही समजावून सांगितले होते. उपचारांत तिळमात्र कसूर केली नाही. परंतु आम्ही मुलांनीच आईपासून ते लपविले. ती रोज विचारी की घरी केव्हा नेणार, आणि आम्ही रोज उद्याचा वायदा करीत असू. तिने विचारले होते, एकदा नव्हे, अनेकदा. काचेपलीकडील खाटेवर ती एकटी गेली. नातवंडांस भेटावयाचे, सुनेच्या हाती चाव्या द्यावयाच्या, वेशीवरच्या देवास नमस्कार करावयाचा, हे सारे राहून गेले. तो दोष इस्पितळाचा नव्हे, आमच्या भित्रेपणाचा होय. न विचारता बोलणे हे जसे पाप, तसे विचारले असता, ऐकणाऱ्याच्या अंगी बळ असता, मायेपोटी खोटे बोलत राहणे हेही पापच. ‘आरोग्य निकेतन’ मी त्यानंतर वाचली, आणि जे चुकले त्यास प्रथमच नाव मिळाले.

आज आपल्या खारघरात टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे, आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून रोगी तेथे येतात. आपल्या ज्ञातीतील मुले-मुली डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते होत आहेत. काहीजण आयुर्वेदाची पदवीही घेत आहेत. ज्यांच्या पूर्वजांस इस्पितळ म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, त्यांच्या नातवंडांच्या गळ्यात आज स्टेथोस्कोप आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. जुन्या काढ्यांवर आंधळा विश्वास ठेवून ताप अंगावर काढावा, असे माझे सांगणे बिलकुल नाही. ताराशंकरांचेही ते नव्हते. परंतु त्या मुला-मुलींस माझी शिक्षकाच्या नात्याने एवढीच विनंती आहे की, रोग्याच्या मनगटावर यंत्र लावल्यावर एकवार आपली तीन बोटेही तेथे ठेवावीत. नाडी कळो वा न कळो, त्या स्पर्शाने रोग्यास आपण एकटे नाही हे कळेल. आणि घरच्या मंडळींस विनंती अशी की, आपल्या वडीलधाऱ्यांनी विचारले, तर त्यांच्यापाशी बसून त्यांस झेपेल एवढे सत्य मायेने सांगण्याचे धैर्य आपण धरावे.

ज्या लेखकाने एका ढासळत्या औषधालयाच्या भिंतीतून एवढा बोध आपणास दिला, त्या कै. ताराशंकर बंद्योपाध्याय यांच्या स्मृतीस आपल्या ज्ञातीच्या वतीने वंदन करून, आणि आपणा सर्वांस निरामय दीर्घायुष्य लाभो अशी श्रीचरणी प्रार्थना करून, हा अल्पसा लेख येथेच पुरा करतो.

— एक निवृत्त शिक्षक, मु. ओवे, ता. पनवेल